बर्फावरचा शनिवार

हौगांग, सिंगापूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. पंधरा दिवस झाले, पाऊस रोज दुपारी दोनच्या सुमाराला येतो आणि चारला निघून जातो, कामाला येणाऱ्या माणसासारखा. कपडे वाळत नाहीत. प्रबोधचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण लिफ्ट सोडून जिन्याने जायचा हट्ट काही सुटत नाही. जाईचा ओ-लेव्हलचा निकाल या आठवड्यात आहे. मीच तिला विचारून विचारून भंडावते, तर काल म्हणाली, "ममा, रिलॅक्स लाह, पेपर लिहून झालेत, आता तू टेन्शन घेऊन मार्क वाढणार का?" नाना असते तर टाळी देऊन हसले असते.

मार्केटातली मासेवाली आंटी अजून मला बघितलं की बाटांगचा शेपटीकडचा तुकडा बाजूला काढते. बाटांग म्हणजे आपली सुरमई. शेपटीकडचा तुकडा नानांचा. वर्ष होत आलं, पण तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलंय. घेते आणि येते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. परवाच तर आपण फोनवर बोललो. पण फोनवर मला हे जमणार नाही. तू मध्ये काहीतरी बोलशील, मी थांबेन, आणि थांबले की मला पुन्हा वर्षभर थांबता येतं, हे आता मला माहीत झालंय. कुरिअरवाला म्हणाला चार-पाच दिवसांत कॅनडात यलोनाइफला पोचेल. म्हणजे तू विमानात बसायच्या आधी तुझ्या हातात असेल. ते मला महत्त्वाचं आहे.

तुझ्याकडचं ते गोठलेलं तळं मला अजून दिसतं. ऑफिसला जाताना एमआरटीत एसीच्या झोतात उभं राहून डोळे मिटले की पायाखालचा डबा पांढरा होतो. कडेला झाडं नाहीत, घर नाही, आवाज नाही. मग लांबवर तुझा नारिंगी तंबू दिसतो, काडेपेटीएवढा. मी चालत राहते, तो जवळ येत नाही. सेरंगूनला दार उघडतं आणि माणसं आत येतात, त्यांच्या छत्र्यांतून पाणी गळत असतं, आणि मला क्षणभर कळत नाही की हे पाणी वितळलं कधी.

गेल्या फेब्रुवारीत मी तुझ्याकडे आले तेव्हा उणे बत्तीस होतं. विमानतळावर तू म्हणालास, "ताई, नाकातले केस गोठले तर घाबरू नकोस, परत मिळतात." मी चार दिवस हसत होते. मी तुला एवढी मोकळी हसताना आठवत नाही, असं तूही म्हणालास. खरं सांगू, मी तुला तसा हसताना पाहत होते, म्हणून हसत होते. चीफ इंजिनिअर व्हायला सहा महिने उरले असताना तू व्हँकूव्हरला जहाज सोडलंस, नाना म्हणाले "समुद्र सोडलास, आता मलाही सोड", आणि तू खरंच सोडलंस. त्याला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत तुझा फोटोत सुद्धा हसरा चेहरा मी पाहिला नव्हता.

मला तुझ्याकडे धाडलं नानांनीच, हे तुला आता माहीत आहे. "बघून ये, कसा राहतो तो. बर्फाला भोक पाडून मासे धरतो म्हणे. म्हणजे काय, फ्रीज उघडून बघतात तसं?" एवढं म्हणून ते वर्तमानपत्रात शिरले. निघायच्या दिवशी माझ्या बॅगेत कोकमाची आणि मसाल्याची पुडी टाकली. "मी दिली म्हणून सांगू नकोस." मी सांगितलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या केबिनमध्ये तू ती पुडी हातात घेतलीस, वरचा दोरा पाहिलास, आणि अंगठ्याने गाठ चाचपलीस. तशी गाठ आपल्या घरात फक्त एकच माणूस मारायचा. नंतर तू ती सोडवलीस, कापली नाहीस.

आता शनिवार. १५ फेब्रुवारी. तुला वाटतं तो तुला पाठ आहे. त्यातला एक तुकडा माझ्याकडे आहे.

तळ्यावर फोन चालत नाही, म्हणून तू ते सॅटेलाइटचं छोटं यंत्र माझ्याकडे दिलं होतंस. "थंडीत बॅटरी मरते. तू जॅकेटच्या आत, अंगाशी ठेव. माझ्या खिशात राहिलं तर मी कुठेतरी टाकीन." सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते माझ्या छातीशी थरथरलं. अजून उजाडलं नव्हतं. तू बाहेर स्नोमोबाइल सुरू करत होतास, खोकल्यासारखा आवाज येत होता. मी चुलीच्या उजेडात वाचलं. प्रबोधचा निरोप होता. नाना गेले. जेवून उठले, खुर्चीत बसले आणि गेले. ताबडतोब निघा.

होय मंदार. सकाळी सात वीसला. संध्याकाळी पाचला नाही.

मी बाहेर आले ती तुला सांगायलाच. हे तू मानावंस असं माझं म्हणणं नाही, पण ते खरं आहे. दार ढकललं, तोंडावर थंडी आली, आणि तू इंजिन बंद करून वळलास. तुझ्या भुवयांवर बर्फ साचला होता. मी तोंड उघडायच्या आधी तू म्हणालास, "ताई, ठरलं. उद्या गावात पोचलो की नानांना फोन करणार. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांचे सोमवारचे सकाळचे आठ. चहा घेत असतील ना?"

मी म्हणाले, "हो, असतील."

एवढंच. एक होकार. पुढचं सगळं त्याच्यामागून ओढत आलं, तुझ्या स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीसारखं. आणि त्या घसरगाडीत मीच बसले होते.

मला माझ्याशीही खोटं बोलायचं नाही, म्हणून त्या वेळी मनात काय आलं ते लिहिते. मला आई आठवली. आपल्या घरचा तो नियम तुला आठवत असेल: माणूस दर्यावर असताना वाईट बातमी धाडायची नाही, जहाज बंदराला लागेपर्यंत थांबायचं. आजी गेली तेव्हा नाना अर्ध्या पाण्यात होते. आईने बावीस दिवस कळवलं नाही, रॉटरडॅमला पोचल्यावर सांगितलं. घरी आल्यावर काकांनी आईवर तोंड टाकलं, तेव्हा नाना मध्ये पडले. "बरं केलंन तिने. मधल्या पाण्यात कळून मी काय करणार होतो? इंजिनरूममध्ये बसून रडणार होतो?" मी तेव्हा दहा वर्षांची. त्या दिवशी मला आई फार शहाणी वाटली होती.

तळ्यावर मी तेच केलं. तुला बंदराला लागू द्यायचं ठरवलं. एक दिवस, मग सांगेन.

पण तू मधल्या पाण्यात नव्हतास. बर्फाखाली पाणी आहे म्हणून त्याचा समुद्र होत नाही. गाव दोन तासांवर होतं. गाडी दारात तयार होती.

नंतरचा दिवस स्वप्नासारखा गेला म्हटलं तर ते आता निर्लज्जपणाचं वाटेल, पण गेला तसाच. तू ते भलंमोठं गिरमिट बर्फात फिरवलंस, चार फूट खाली गेल्यावर एकदम पाणी वर उसळलं. मी झाऱ्याने भोकातला भुगा काढत बसले, भजी काढावीत तसा. तू म्हणालास, "सुगरण आहेस, चालू दे." तंबूची चेन लावल्यावर आत काळोख झाला आणि ते भोक खालून उजळलं. हिरवा, दुधाळ उजेड. जणू आपण छतावर बसलो होतो आणि दिवस आपल्या पायाखाली होता. अधूनमधून तळं लांबून गरजायचं. मी दचकायचे. "बर्फ वाढतोय," तू म्हणायचास, "फुटत नाही, वाढतोय."

हातभर काठी, दोरी सत्तर फूट खाली, आणि तू बोलत होतास. आठ वर्षांचं बोलत होतास. मी ऐकत होते, आणि छातीशी ते यंत्र गरम होतं.

"काय म्हणू गं पहिलं? 'नाना, मी मंदार' एवढंच? की आधी माफी?"

"आधी नाव सांग," मी म्हणाले.

"ते फोन ठेवतील."

"नाही ठेवणार."

"तुला काय माहीत?"

मी दोरीकडे बघत राहिले.

मग तू नानांचा आवाज काढलास. "कोण मंदार? वीज मंडळातला का?" आणि स्वतःच हसलास. मग पुन्हा पहिल्यापासून. तीनदा, चारदा, वेगवेगळ्या तऱ्हेने. एकदा जहाजावरच्या इंग्रजीत, "रिपोर्टिंग, सर." एकदा नुसतंच "नाना" म्हणालास आणि गप्प झालास. तो गप्प बसण्याचा वेळ फार लांब होता. त्या वेळात मी तीनदा सांगायला सुरुवात केली. मोजलंय मी. एकदाही आवाज फुटला नाही.

अकराच्या सुमाराला दोरी ताणली. आधी भोकात बुडबुडे आले, रुपेरी, एकामागून एक. तू कुजबुजलास, "खोल पाण्यातला ट्राउट वर येताना पोटातली हवा सोडतो. हवा आधी पोचते, तो मागून." मग ते डोकं आलं. केवढं! करडं, अंगभर फिकट ठिपके, आकाश उलटं करून ठेवल्यासारखं. तू म्हणालास याचं वय चाळीसच्या आसपास असेल, इतक्या थंड पाण्यात हे सावकाश वाढतात, याला मारायचं नसतं. फोटो काढून सोडायचा. "ताई, लवकर काढ, डोळे गोठतील त्याचे. हसतोय ना मी? नानांना दाखवायचाय." तो फोटो तू नंतर दोनदा मागितलास, आणि मी दोन्ही वेळा फोन बदलल्याची सबब सांगितली. तो या पत्रासोबत आहे. तू त्यात इतका आनंदात आहेस की मला तो कुणाला दाखवता आला नाही.

एक वाजता दुसरा मिळाला, दोन हातांत मावेल एवढा. तो तू शिजवलास. नानांच्या कोकमाचं कालवण, स्टोव्हवर, तंबूत. वास आला आणि मी ताटली मागे सारली. मी म्हणाले, "मला नको. आज शनिवार."

"तू कधीपासून शनिवार पाळायला लागलीस?"

"लागले."

"बरं," तू घड्याळ बघितलंस, "सिंगापुरात पहाटेचे चार वाजलेत. रविवार लागला. तू पाहुणी आहेस, तू आपला तिकडचा वार धर. खा."

वार कुठलाही धरला तरी नाना जाऊन सहा तास झाले होते. मला कळून, म्हणजे सुतक लागून, साडेपाच उलटले होते. नाही म्हणाले असते तर तू कारण विचारलं असतंस. मी दोन तुकडे खाल्ले. तू म्हणालास, "नानांची चव आलीय ना?" मी मान हलवली. आली होती.

तुझी काळजी नको. सुतक कळल्यापासून लागतं, असं नानाच म्हणायचे, रॉटरडॅमनंतर. तू जेवलास ते सोवळ्यातच जेवलास. मी नाही.

तीनला वारं सुटलं. साडेचारला तंबूच्या बाहेर तुझा हातसुद्धा दिसेना, दोरी धरून आपण केबिनला परत आलो. पाचला मी यंत्र काढलं, आत्ताच आल्यासारखं बघितलं, आणि तुला सांगितलं. प्रबोधचे एव्हाना पाच निरोप आले होते. तुझ्या हातात देण्याआधी मी शेवटचा सोडून सगळे पुसले होते. यंत्राला कधीकधी उशीर होतो, हे तूच मला शुक्रवारी शिकवलं होतंस. कुणालाच शंका आली नाही.

वादळ सोमवारपर्यंत हटलं नाही. किती वेळ वाट बघू, असं प्रबोध विचारत होता. तू खिडकीकडे तोंड करून म्हणालास, "लिही. थांबू नका. त्यांना ताटकळत ठेवू नका." माझ्या बोटांनी मी ते लिहिलं. सोमवारी दुपारी मंडाईच्या स्मशानात प्रबोधने, जावयाने, अग्नी दिला. आपण बुधवारी पोचलो.

नंतर मी विमानांच्या वेळा काढून पाहिल्या. एकदा नाही, पुष्कळदा. शनिवारी सकाळी आठला निघालो असतो तर दहाला गावात. दुपारचं विमान होतं, त्या दिवशी ते उडालंही होतं, तेही मी पाहिलं. सोमवारी सकाळी आपण चांगीला उतरलो असतो. सहा तास हातात राहिले असते. दुसरा कुठला हिशेब मांडला तरी तू वेळेत पोचतोस.

मी रोज डायरी लिहिते, हे तुला माहीत आहे, कॉलेजपासून. त्या दिवशीच्या पानावर "संध्याकाळी पाच वाजता निरोप मिळाला" असं आहे. जिथे दुसरं कुणी वाचणार नाही तिथेसुद्धा मी खोटं लिहिलं. त्या पानाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

का केलं? मी स्वतःला वर्षभर सांगत आले की तुझ्यासाठी. तुला एक दिवस मिळावा म्हणून. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तू त्यांच्याशी बोलत होतास, त्यांची नक्कल करत होतास, त्यांना दाखवायला फोटो काढत होतास. त्या तळ्यावर नाना संध्याकाळी पाचपर्यंत जिवंत होते, मंदार. दुसरीकडे कुठेच नव्हते. मला तिथून निघवेना.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित मी हे पत्र कधी लिहिलंही नसतं. पण तेराव्याला काका वेंगुर्ल्याहून आले होते. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बाप गेला तेव्हा हा मासे मारत होता म्हणे. एवढा छंद!" तू खाली मान घालून भात कालवत राहिलास. मी वरण वाढत होते. पळी माझ्या हातात होती. मी पुढच्या पानाकडे सरकले.

तळ्यावर गप्प बसले ते मला थोडंफार समजतं. पंगतीत गप्प बसले ते समजत नाही.

आणि आता तू दिवाळीला फोनवर म्हणालास, गिरमिट देऊन टाकलं, तंबू देऊन टाकला, मासे खाणंही सोडलं. "मीच तुला तिथे नेलं, ताई. नेलं नसतं तर पोचलो असतो." मी "असं म्हणू नये" म्हणाले. मोठ्या बहिणीने धाकट्याला समजवावं तसं. फोन ठेवल्यावर मला माझ्या आवाजाची शिसारी आली.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. प्रबोधला सांगितलं. तो म्हणाला, "मी इथे त्यांच्याजवळ बसून दर दहा मिनिटांनी तुझं उत्तर बघत होतो, अनघा." त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. मग जाईला सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "मामाला कोण सांगणार?" आणि काल काकांना फोन केला. त्यांना म्हटलं, पंगतीत तुम्ही मंदारला बोललात ते मला बोलायला हवं होतं. उशीर त्याचा नव्हता. बातमी माझ्याकडे सकाळपासून होती. काका म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस, बाय?" ते पुढे म्हणाले, "मी त्याला काय काय बोललो गं..." आणि फोन ठेवला.

तिथीने वर्षश्राद्ध ४ फेब्रुवारीला आहे. गुरुजी ठरलेत, सेरंगून रोडवरून सामान आणलंय. तुझं विमान दोन तारखेला इथे उतरतं. ये म्हणायचा हक्क आज मला वाटत नाही, आणि येऊ नकोस असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. माझ्या घरी उतरायचं नसेल तर प्रबोधच्या मित्राकडे, शैलेंद्रकडे क्लेमेंटीला तुझी खोली सांगून ठेवली आहे. तो काही विचारणार नाही. तू आलास तर पाटावर तू बसशील. नाही आलास तर प्रबोध बसणार नाही, मीही बसणार नाही. गुरुजींना तसं सांगितलंय. ते म्हणाले असं चालत नाही. मी म्हटलं, गेल्या वर्षी जे चाललं तेही चालायला नको होतं.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. ते मागणंसुद्धा तुझ्यावरच ओझं टाकणं झालं.

हे पत्र जपून ठेव, किंवा हवं त्याला दाखव. पुन्हा कुणी पंगतीत, फोनवर, कुठेही तुला विचारलं की बापाला अग्नी द्यायला कसा चुकलास, तर तुला काही बोलावं लागू नये. म्हणून हाताने लिहिलंय आणि खाली नानांच्या नावासकट पूर्ण नाव घातलंय.

तू चुकला नाहीस. मी तुला जाऊ दिलं नाही.

अनघा मनोहर परब